गप्प बसायचे आठ शनिवार

माझी प्रार्थना लांब असायची. परळच्या आमच्या मराठी चर्चमध्ये दर बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा भरायची आणि पाळकसाहेब म्हणायचे, "शेवटची प्रार्थना बाई करतील." ते ऐकलं की मागच्या बाकावरचे दोघेजण हळूच उठायचे, कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन कटिंग प्यायचे आणि माझ्या 'आमेन'ला बरोबर परत हजर असायचे. हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा मी चिडले, पण प्रार्थना काही आखूड केली नाही. म्युनिसिपालिटीच्या शाळेत पन्नास पन्नास पोरांपुढे ओरडून माझा आवाज खणखणीत झालेला होता, आणि देवाला सगळं कसं तपशीलवार सांगावं असं माझं मत होतं.

प्रार्थनासभेत आधी विषय सांगायचे असतात. म्हणजे एकेकानं उभं राहायचं आणि सांगायचं, अमक्याच्या गुडघ्यासाठी प्रार्थना करा, तमक्याच्या मुलीचं कुठं जमत नाहीये तिच्यासाठी करा, आमच्या शेजाऱ्याची बाटली सुटावी म्हणून करा. चहाडी करणं आमच्यात पाप. विषय सांगायला मात्र कुणाची ना नव्हती. त्यामुळे परळ-लालबागच्या कुठल्या ख्रिस्ती घरात काय चाललंय हे ज्याला पाहिजे त्याला बुधवारी एका तासात कळून जायचं. मी त्यात आघाडीवर होते, हे आता कबूल करून टाकते.

तेव्हा गिरण्यांच्या संपाला तीन वर्षं होऊन गेली होती. संप मिटला असं कुणी जाहीर केलं नव्हतं आणि आमच्या लोकांना परत कामावरही कुणी बोलावलं नव्हतं. आमची अर्धी मंडळी गिरणीतली. आजे-पणजे नगरकडून आलेले आणि इथे साच्यावर, म्हणजे गिरणीच्या मागावर, उभे राहिलेले. कुणी गावी परत गेलं, कुणी वॉचमनची काठी हातात घेतली, एकानं वरळीला अंडा-पावची गाडी लावली. आणि आमचे पेटीवाले भाऊ घरात निजून राहिले.

पेटीवाले भाऊ म्हणजे लालबागच्या एका गिरणीतले विणकर. रविवारी चर्चमध्ये भजनाला पेटी तेच वाजवायचे. त्यांची पेटी सुरू झाली की आमच्यातल्या बेसूर माणसालासुद्धा आपण गातो असं वाटायचं. त्यांच्या मुलीला मी चौथीत शिकवलेलं, म्हणून ते मला बाई म्हणायचे. मुलगी लग्न होऊन नगरला गेली होती. घरात भाऊ आणि वहिनी, दोघंच. वहिनी दादरच्या ऑफिसांत पोळीभाजीचे डबे देऊन घर चालवत होत्या. भाऊ आठ महिन्यांत चर्चला आले नव्हते, खोलीबाहेरही फारसे पडले नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. दाढी वाढलेली, जेवण दोन घास.

आम्ही भेटायला गेलो नाही असं कुणी म्हणू नये. सगळे गेले. मीही गेले. दोन वचनं वाचली, अर्धा तास प्रार्थना केली आणि वर म्हणाले, "भाऊ, विश्वास ठेवणाऱ्या माणसानं असं खचायचं नसतं." मी बोलत असतानाच त्यांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, यांना झोप आली.

मग एका रविवारी पाळकसाहेब उपदेश अर्ध्यावर थांबवून म्हणाले, "मी त्या भावाला तीनदा भेटलो. तिन्ही वेळा मीच बोललो. आपल्याला हे काम येत नाही." मनानं आजारी असलेल्या माणसाच्या घरी कसं जायचं, कसं बसायचं, हे शिकवायला एक बाई येणार होत्या. आठ शनिवार, दुपारी चार वाजता. ज्यांना यायचं त्यांनी नाव द्यावं. मी पहिलं नाव दिलं. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, शिकवायला मदत लागेल.

त्या बाई म्हणजे सिस्टर. नर्स होत्या, मनोरुग्णांच्या मोठ्या हॉस्पिटलात आयुष्य घालवून रिटायर झालेल्या. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत राहायच्या. उंचीनं माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, पण वर्गात शिरल्या की माझ्यासारखी माणसंसुद्धा पदर सारखा करायची. पहिल्या शनिवारी त्या दादरच्या बाजारातून मेथीच्या सहा जुड्या घेऊन आल्या. आम्ही बाराजण होतो. प्रत्येकापुढे वर्तमानपत्र पसरून अर्धी अर्धी जुडी ठेवली.

"जोडीजोडीनं बसा," त्या म्हणाल्या. "एकजण आजारी, दुसरा भेटायला आलेला. भेटायला आलेल्यानं मेथी निवडायची. जुडी संपेपर्यंत सल्ला द्यायचा नाही, वचन सांगायचं नाही, 'का' असं विचारायचं नाही. आजारी माणूस बोलला तर ऐकायचं. नाही बोलला तर मेथी आहेच."

"आणि प्रार्थना?" मी विचारलं.

"त्यानं मागितली तर. मनातल्या मनात हवी तेवढी करा, त्याला माझी हरकत नाही."

माझ्या जोडीला आले मंडळीतले एक काका. पोस्टातून रिटायर झालेले, चर्चच्या पंचकमिटीवर असलेले, अत्यंत गंभीर गृहस्थ. ते आजारी झाले आणि मी भेटायला गेले. काकांनी डोळे मिटून असा एक उसासा टाकला की मी मेथी खाली ठेवून म्हणाले, "अहो काका, असं करू नका, देव आहे ना!" सिस्टरनी लांबून माझ्या हातातल्या काडीकडे बोट दाखवलं. काडीला अजून सगळी पानं होती.

दुसऱ्या शनिवारी काका पुन्हा आजारी झाले. तिसऱ्या शनिवारीही. खरं तर पाळी माझी होती, पण काकांना आजारी पडणं इतकं आवडलं होतं की ते बरे व्हायलाच तयार नव्हते. "चाळीस वर्षांत आमच्या घरी माझं कुणी असं ऐकून घेतलेलं नाही," ते मला हळूच म्हणाले. आणि खेळातलं आजारपण सांगता सांगता त्या गंभीर माणसानं आपल्या गेलेल्या भावाबद्दल जे सांगितलं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही. त्या दिवशी माझी जुडी पहिल्यांदा पूर्ण निवडून झाली. मला इतका आनंद झाला की बसस्टॉपपर्यंत मी जवळजवळ पळतच गेले.

वर्गात आम्ही फार हसायचो. एकाला तर खाली मान घालून बसता येईना, तो सारखा "हॅलेलुया" म्हणायचा. सिस्टरची आठवड्याची भाजी आम्ही निवडून देतो आणि वर शिकलो म्हणून आभारही मानतो, असं पाळकसाहेब म्हणायचे. पण हसता हसता कान तयार होत होते. गोळ्या आणि प्रार्थना एकमेकींच्या सवती नाहीत, हे सिस्टर दर शनिवारी सांगायच्या. मनाचा आजार हा विश्वासाचा तोटा नाही, हे तर त्या पाढ्यासारखं म्हणून घ्यायच्या आमच्याकडून. त्यावेळी मला माझी ती जुनी भेट आठवायची आणि कान तापायचे.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी घरं वाटली. मला भाऊंचं घर दिलं. "सगळ्यात अवघड घर तुम्हाला देतेय," म्हणाल्या, "कारण बोलण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. तिथे तुम्ही गप्प बसलात तर कुठेही बसाल."

माझी शाळा सकाळची, म्हणून मंगळवारची दुपार ठरली. पहिल्याच मंगळवारी वहिनी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "बाई, मला एकच पाहिजे. त्यांनी एकदा दवाखान्यात यावं. ओढून नेलं तर येतील, पण मग परत कधी माझ्याशी बोलायचे नाहीत. आपल्या पायांनी आले पाहिजेत." बोलताना त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडीचा वळ उठला. डबे पोचवायला जाताना त्या शेजारच्या म्हातारीला दारावर लक्ष ठेवायला सांगून जायच्या. कशाची भीती होती ते त्यांनी बोलून दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मी खोलीत जाऊन जमिनीवर बसले. दुसऱ्या दिवशीच्या डब्यांची मेथी पुढे ओढली. भाऊंची पाठ माझ्याकडे. एक तास मेथी निवडली, "येते भाऊ, पुढच्या मंगळवारी," म्हणाले आणि निघाले. जिना उतरताना घशात शब्दांची गर्दी झाली होती. खाली येऊन मी एका अनोळखी केळीवाल्याशी दहा मिनिटं उगाच हुज्जत घातली, तेव्हा बरं वाटलं.

दुसऱ्या मंगळवारी पाठच. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी कूस बदलली आणि माझ्या हातांकडे बघत राहिले. चौथ्या मंगळवारी मी निवडत असताना ते एकदम उठून बसले. पाय खाली सोडले. खुंटीवरच्या शर्टाकडे हात गेला आणि तिथेच थांबला.

"वाजला," ते म्हणाले.

मी काडी हातात धरून बसले.

"भोंगा. दुपारपाळीचा. गिरणी बंद आहे, माहितीय मला. मी काय खुळा नाही. तरी रोज वाजतो. मी उठतो. मग आठवतं."

माझ्या जिभेवर किती गोष्टी आल्या म्हणून सांगू! सगळ्या गिळल्या आणि एवढंच म्हणाले, "रोज?"

"रोज," ते म्हणाले. "हिला सांगितलेलं नाही. हिला वाटेल, हा आता कामातून गेला." मग पुन्हा आडवे झाले. या वेळी भिंतीकडे तोंड नव्हतं.

इतक्या महिन्यांत ते कुणाशी एवढं बोलले नव्हते. मी घरी पोचले ती पाय जमिनीला न लागता. रात्री नवऱ्याला वाढताना आमटी ताटाबाहेर पडली तरी हसत होते. नवऱ्याला काही सांगितलं नाही, तेवढं सिस्टरचं शिकवणं माझ्यात उतरलं होतं.

आणि दुसऱ्या दिवशी बुधवार होता.

पाळकसाहेब म्हणाले, शेवटची प्रार्थना बाई करतील. मी उठले. मी नाव घेतलं नाही. नाव घेतलं नाही याचा मला त्या क्षणी केवढा अभिमान वाटत होता! "हे प्रभू," मी म्हणाले, "आमचा एक भाऊ, ज्याची बोटं तुझ्या भजनात पेटीवर चालायची, ज्याला बंद गिरणीचा भोंगा अजून रोज दुपारी ऐकू येतो, जो शर्टाला हात घालतो आणि मग थांबतो, आणि जो ही गोष्ट आपल्या बायकोलाही सांगू शकत नाही, तो काल बोलला, प्रभू, तो बोलला!" बायका रडत होत्या. मीही रडत होते. मागच्या बाकावरचे दोघेसुद्धा त्या दिवशी चहाला गेले नाहीत. इतकी चांगली प्रार्थना मी आयुष्यात केली नव्हती.

मंडळी प्रेमळ, तिथेच घोटाळा झाला. गुरुवार आणि शुक्रवार, दोन दिवसांत भाऊंच्या खोलीत नऊ माणसं जाऊन आली. कुणी डोक्याला लावायला तेल घेऊन गेलं, कुणी उपास सांगितला. एका मावशींनी तर दारातूनच मोठ्यानं विचारलं, "काय हो, वाजला का आज?" ते गॅलरीत ऐकू गेलं. संध्याकाळपर्यंत चाळीतली पोरं जिन्यात उभी राहून तोंडानं भोंगा वाजवायला लागली. भाऊंनी उठून दाराला आतून कडी घातली. वहिनींनी हाका मारल्या तेव्हा त्यांच्यापुरती उघडली आणि परत घातली.

शनिवारी सकाळी वहिनी माझ्या शाळेच्या फाटकाशी उभ्या होत्या. रागानं ओरडल्या असत्या तर मी उलट ओरडले असते, मला ते येतं. त्या हळूच म्हणाल्या, "बाई, तुम्ही देवाला सांगितलंत. ऐकलं मात्र सगळ्या मंडळीनं. आणि मला बाहेरून कळलं, माझ्या नवऱ्याला काय ऐकू येतं ते." आणि डब्यांची पिशवी उचलून निघून गेल्या.

चारपर्यंत मी धुमसत होते. मी वाईट काय केलं? प्रार्थनाच केली ना? नाव घेतलं का? वर्गात गेल्या गेल्या सगळं सिस्टरपुढे ओतलं. त्या मेथी निवडत ऐकत राहिल्या. काका मान खाली घालून बसले होते, कारण तेलाची बाटली घेऊन गेलेल्यांत तेही होते.

"तो विषय कुणाचा होता?" माझं संपल्यावर सिस्टरनी विचारलं.

"भाऊंचा."

"मग सांगायचा कुणी?"

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी अशी लाज आली की तिथून उठून घरी जावंसं वाटलं.

"मी रोज क्षमा मागेन देवाजवळ," मी म्हणाले.

"देवाचं काही बिघडलेलं नाही," सिस्टर म्हणाल्या. "ज्याचं बिघडलंय त्याच्याजवळ मागा. आणि तिथे जाऊन रडू नका. नाहीतर त्यालाच तुमची समजूत काढावी लागेल."

मी तशीच लालबागला गेले. दार बंद. मी दारासमोर उभी राहिले. हातात काही नव्हतं, वचनाचं पुस्तकही नाही. "भाऊ," मी म्हणाले, "तुमची गोष्ट माझी नव्हती. ती मी वाटून टाकली. माझं चुकलं. मी मंगळवारी येईन आणि बाहेर बसेन. दार उघडा म्हणणार नाही." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण ते. कठड्याशी उभ्या असलेल्या वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही, पण मंगळवारी गेले तेव्हा गॅलरीत, दाराबाहेर, एक पोतं अंथरलेलं होतं आणि त्यावर चार जुड्या ठेवलेल्या होत्या.

गॅलरीत गप्प बसणं हे खोलीतल्यापेक्षा कठीण. जाणारा येणारा विचारतो. शेजारची मालवणी म्हातारी पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय गो बाये, हंय कित्या बसलंस?"

"भाजी निवडतेय."

"भाजी घरात निवडतत. दार कित्या बंद?"

मी मेथी निवडत राहिले. म्हातारीनं माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि काय समजायचं ते समजून आत जाऊन चहा घेऊन आली. त्यानंतर कुणी विचारायला थांबलं की तीच हात हलवून हाकलायची, "जा रे, जा, बायेक काम करूंक देवा!" जिन्यात भोंगा वाजवणाऱ्या पोरांतले दोघे माझ्याच वर्गातले निघाले. मी त्यांना काही बोलले नाही. नुसतं बघितलं. भोंगा त्या दिवसापासून बंद झाला. गप्प बसण्याचा हा उपयोग सिस्टरनी शिकवलेला नव्हता.

आठ शनिवार संपले. बाकीच्यांना पाळकसाहेबांच्या हस्ते सर्टिफिकेटं मिळाली, काकांनी तर फ्रेम करून लावलं. मला मिळालं नाही. "तुमचं घर अजून बाकी आहे," सिस्टर म्हणाल्या. वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबर होतं.

गॅलरीतला पाचवा मंगळवार. भर दुपार, बाहेर कठड्यावर चादरी वाळत घातलेल्या. कडी निघाल्याचा आवाज झाला. मी मान वर केली नाही, कारण मान वर केली तर तोंड उघडेल ही मला खात्री होती. दार उघडलं. माझ्या समोरच्या ढिगाशेजारी दोन पाय येऊन थांबले.

"बाई," भाऊ म्हणाले, "तुम्ही देठं ठेवता."

मी वर बघितलं.

"पानाबरोबर जाड देठ जातं. डब्यात दाताखाली येतं. दादरच्या दोन गिऱ्हाइकांनी तक्रार केली. ही तुम्हाला बोलत नाही, आम्हालाच ऐकून घ्यावं लागतं." आणि ते उंबऱ्यावर बसले, ढिगातली एक काडी उचलली, आणि साच्यावर तुटलेला धागा धरावा तसं दोन बोटांत धरून पान खुडून दाखवलं. "असं."

"असं," मी म्हणाले. मी खुडलं. त्यांनी माझं देठ काढून बाजूला टाकलं. आत स्टोव्हपुढे बसलेल्या वहिनींचं लाटणं थांबलं होतं.

अर्धी जुडी झाल्यावर ते म्हणाले, "तुमच्या त्या सिस्टरला अशी माणसं माहिती असतील. भोंगा ऐकणारी."

"विचारू? तुमची परवानगी असेल तर."

"आता परवानगी!" ते म्हणाले, आणि हसले. बारीकसंच, नाकातून. पण मी ऐकलं. मला तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. हातात मेथी होती म्हणून वाचले.

सिस्टरनी दवाखाना सांगितला, डॉक्टर सांगितले. "एकटा नाही जायचो," भाऊ म्हणाले, म्हणून पुढच्या सोमवारी आम्ही तिघं निघालो. जिना उतरताना ते प्रत्येक मजल्यावर थांबले. आम्हीही थांबलो. मालवणी म्हातारी वरून बघत होती, पण एक शब्द बोलली नाही. खाली फुटपाथवर आल्यावर वहिनींनी माझा हात धरला. भाऊ आपल्या पायांनी चालत पुढे निघाले होते.

दवाखान्यात डॉक्टर अगदी तरुण होता. त्यानं विचारलं, "काय होतं?" आणि माझं तोंड उघडलं. अगदी आपोआप. वहिनींनी शांतपणे पिशवीतून श्रीखंडाची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. मी ती तोंडात टाकली आणि भाऊ बोलायला लागले. भोंग्याबद्दल बोलले, शर्टाबद्दल बोलले, आणि ज्याची वहिनींना भीती होती त्याबद्दलही बोलले. गोळी केव्हाच विरघळून गेली होती. मी रिकामं तोंड चघळत बसले.

गोळ्या सुरू झाल्या म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं चांगलं झालं असं नाही. पहिले दोन आठवडे ते नुसते पेंगायचे. एकदा चिडून गोळ्या गॅलरीतून खाली फेकून दिल्या, त्या म्हातारीनं वेचून आणल्या. पण हळूहळू दाढी गेली. मग वहिनींबरोबर दादरला डबे पोचवायला जायला लागले. भोंगा रोजचा आठवड्यावर आला, मग कधीतरी. मंगळवारी मी जातच होते. आता खोलीत तिघं मेथी निवडायचो, आणि मी त्या दोघांपेक्षा कमी बोलायचे, हे माझ्या नवऱ्यानं शेवटपर्यंत खरं मानलं नाही.

नाताळ तोंडावर आला होता. बुधवारच्या सभेत मी पुढच्या बाकावर बसले होते, तेव्हा मागे कुजबुज झाली. वळून बघितलं तर वहिनी आणि भाऊ आत येत होते. भाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "प्रार्थनेचे विषय?" एका काकूंचा मोतीबिंदू सांगून झाला, एकाच्या मुलाची परीक्षा झाली. मग भाऊ उठले.

"मला भोंगा ऐकू यायचा," ते म्हणाले. "ते बाईंनी तुम्हाला सांगितलंच आहे. बाकीचं माझं मी सांगतो."

माझी मान खाली गेली. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी सगळं सांगितलं, दवाखान्याचं, गोळ्यांचं, जिन्यात थांबल्याचं. भीती कशाची होती तेही, 'जीव द्यावासा वाटायचा' अशा सरळ शब्दांत सांगितलं. शेवटी म्हणाले, "गोळ्या अजून चालू आहेत. माझ्यासाठी प्रार्थना करा. आणि तुमच्या कुणाच्या घरी माझ्यासारखं कुणी निजून असेल तर मला सांगा, मी येऊन बसेन. आमच्याकडे यायचं असेल तर मंगळवारी या, भाजी निवडायला. ज्याला गप्प बसवत नाही त्याला श्रीखंडाची गोळी मिळेल." आधी काका हसले, मग सगळे. मी इतकी हसले की चष्मा काढून पुसावा लागला. वर्गातल्या पोरासारखा हात वर करून काकांनी तिथल्या तिथे सांगितलं, "माझ्या घरी या. मीच आहे."

मग पाळकसाहेब म्हणाले, "शेवटची प्रार्थना बाई करतील."

मागच्या बाकावरचे दोघे सवयीनं उठले. मी उभी राहिले, डोळे मिटले. आणि माझ्याजवळ काही नव्हतं. सगळं ज्याचं त्यानं सांगून झालं होतं. मी तशीच उभी राहिले. पंख्याचा आवाज येत होता. बाहेर कुणीतरी शिट्टी वाजवत गेलं. "प्रभू," मी म्हणाले, "ऐकलंस ना. आमेन." ते दोघे चहावाले दारातच अडकले. कुणीतरी खुसखुसलं.

सभा सुटली. लोक भाऊंभोवती जमले, वहिनींना भेटले, पेटीवरचं कापड कुणीतरी काढलं. मी बाकावर बसून राहिले, कारण मला रडू आवरत नव्हतं. आनंदाचं होतं, लाजेचंही होतं, दोन्ही एकदमच आलं. लोकांच्या घोळक्यातून कुणीतरी बाजूला होऊन आलं आणि माझ्या शेजारी बाकावर बसलं. इस्त्रीच्या शर्टाची बाही दिसली. मला वाटलं, आता विचारतील, बाई, काय झालं, का रडता. त्यांनी काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. माझं संपेपर्यंत ते तिथेच बसून राहिले.